ट्रॉली माझीच होती

शिपायानं तीनदा पुकारा केला तेव्हा तो खाली चहाच्या गाड्यापाशी उभा होता. मीच पळत जाऊन त्याला वर आणलं. जुलै २००९. माझी वकिलीची सनद होऊन वर्षही झालं नव्हतं. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी सरांच्या, म्हणजे माझ्या सीनियर वकिलांच्या, हाताखाली तारखा घ्यायची, नकलेचे अर्ज टाकायची, टेबलावर जाऊन फाईल शोधून आणायची. त्या दिवशी सर जिल्ह्याला गेले होते. जाताना म्हणाले, ‘त्या ऊसवाल्या पोराची केस आहे बघ. कबूल करून टाकायला सांग. दंड होईल, मालक भरणार आहे.’

जिना चढता चढता मी त्याला तेवढंच सांगितलं. साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का. हो म्हणायचं. जास्त बोलायचं नाही.

प्रकरण असं होतं. जानेवारीतली रात्र, गळीत हंगाम जोरात. हा दोन ट्रॉल्या ऊस घेऊन कारखान्याकडं निघालेला. मागच्या ट्रॉलीचं चाक पंक्चर झालं. यानं ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला घेतला, एकाच्या मोटारसायकलवर बसून जॅक आणायला गेला. मागं लाल दिवा नाही, चमकती पट्टी नाही, उसाची शेंडं रस्त्यावर आलेली. अर्ध्या तासात एक मोटारसायकलवाला मागून येऊन धडकला, मांडीचं हाड मोडलं. पोलिसांनी भादंविची, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड विधानाची, नेहमीची जोडी लावली: २७९ आणि ३३८. पहिलं बेदरकारपणे वाहन चालवल्याचं, दुसरं निष्काळजीपणानं गंभीर दुखापत केल्याचं.

वाचणाऱ्याच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या तेव्हा आलं नव्हतं. ट्रॅक्टर उभा होता. २७९ हे वाहन हाकणाऱ्याचं कलम होतं, आणि हा तर त्या वेळी जॅक शोधत दुसऱ्या गावात होता. घटनास्थळाच्या पंचनाम्यात पहिल्याच पानावर ‘सदर ट्रॉली रस्त्याच्या डाव्या बाजूस उभी असलेली दिसून आली’ असं निळ्या शाईत लिहिलेलं होतं. मी पंचनामा वाचला नव्हता. जखमी माणूस ३३८ पुरता तडजोडीला तयार आहे का, हेही कुणी विचारलं नव्हतं. कोर्टाची परवानगी घेऊन त्या कलमाची तडजोड व्हायची.

साहेबांनी विचारलं, ‘गुन्हा कबूल आहे का?’

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, ‘व्हय सायेब. टरॉली माझीच हुती.’

टेबलावरच्या क्लार्कबाईंचा हात तोवर छापील फॉर्मवर चाललाच होता. त्या फॉर्मवर दोन प्रश्न आधीच छापलेले असायचे, उत्तरापुढं टिंबं. गुन्ह्याचा तपशील वाचून व समजावून सांगितला, समजला काय? होय. गुन्हा कबूल आहे काय? कबूल आहे. खाली त्याची सही. सही चांगली होती, दहावी झालेला होता तो.

पुकाऱ्यापासून सहीपर्यंत दीड-दोन मिनिटं गेली असतील. साहेब नवीन आले होते. आधीच्या साहेबांचा दंडाचा रिवाज त्यांना माहीत नसावा, किंवा माहीत असून पटत नसावा. त्यांनी जखमेचं सर्टिफिकेट बघितलं आणि शिक्षा सांगितली: एक महिना साधी कैद, दोन्ही कलमांना पाचशे-पाचशे दंड. मी उभीच राहिले. शेजारच्या एका वकिलांनी मागून कोट ओढला, ‘अहो, तीनशे एकोणनव्वदचा अर्ज द्या, अपील करायचंय म्हणा,’ तेव्हा भान आलं. शिक्षा अपिलाच्या मुदतीपुरती स्थगित झाली, जामीन झाला, पोरगं त्या दिवशी घरी गेलं.

खाली त्याची आई बसली होती. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, ‘वकीलबाई, तुमी तर दंड म्हनला हुता.’

संध्याकाळी सर आले. मी म्हटलं, अपील करू. ते कोट काढत म्हणाले, ‘कशावर? त्यानं कबूल केलंय.’ आणि कपाटातलं जाडजूड पुस्तक माझ्यासमोर टाकलं. ‘तीनशे पंचाहत्तर वाच.’

फौजदारी प्रक्रिया संहितेचं हे कलम ३७५ मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. आता ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४१६ म्हणून आलंय, मजकूर जवळपास तोच. आरोपीनं गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवर त्याला दोषी ठरवलं, तर अपील नाही. हायकोर्टानंच दोषी ठरवलं असेल तर अजिबातच नाही. सत्र न्यायालय किंवा मॅजिस्ट्रेट असेल तर एक फट ठेवली आहे: शिक्षा किती दिली आणि ती कायद्यात बसते का, एवढ्याच मुद्द्यावर वर जाता येतं. दोषी ठरवलं ते चूक की बरोबर, हे दार बंद. इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेतही कलम ४१२ म्हणून हे होतंच. त्यामागचं गणित साधं आहे. अपील म्हणजे खालच्या कोर्टानं पुराव्याचा अर्थ चुकीचा लावला अशी तक्रार. पुरावा झालाच नाही, माणूस स्वतःच हो म्हणाला, तर वरच्या कोर्टानं तपासायचं काय?

गणित चुकीचं नाही. फक्त ते ‘स्वतःच हो म्हणाला’ या तीन शब्दांवर उभं आहे.

आपल्या भाषेत ‘कबूल’ या शब्दाचं दुखणं वेगळंच आहे. येतो म्हणून कबूल केलं, पाचशे रुपये कबूल केले, लग्नात पाच तोळे कबूल केले होते. यातलं कुठलंच कबूल करणं म्हणजे अपराधाची कबुली नव्हे. कबूल म्हणजे मान्य, मंजूर, तुमचं म्हणणं राखलं. साहेबांच्या प्रश्नाला ‘कबूल’ म्हणणाऱ्या दहा माणसांतली निम्मी तरी ‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढंच म्हणत असतात, असं मला इतक्या वर्षांनी वाटतं. महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, त्यामुळं फॉर्म मराठीच होता. पण ती मराठी ‘व्हय सायेब’ची नव्हती.

आणि गंमत बघा, कायद्याला हे कळत नाही असं अजिबात नाही. आमचा खटला समन्स केसचा, म्हणजे हलक्या शिक्षेच्या गुन्ह्यांचा होता. त्या प्रकारच्या खटल्यात कबुली कशी नोंदवायची ते तेव्हाच्या कलम २५२ नं सांगितलं होतं: आरोपीनं वापरलेल्या शब्दांत, शक्य तितकी तशीच. महंत कौशल्या दास यांच्या मद्रासच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं साठच्या दशकातच बजावलं होतं की हा नुसता उपचार नाही, बंधन आहे. शिवाय कबुली आली म्हणजे मॅजिस्ट्रेटनं दोषी ठरवलंच पाहिजे असंही नाही. ‘स्वेच्छाधिकारानुसार’ असा शब्द तिथं मुद्दाम घातलाय. पटलं नाही तर साहेबांनी खटला चालवावा, साक्षीदार बोलवावेत. खुनासारख्या गुन्ह्यात तर कबुलीवर विसंबून शिक्षा करू नये अशी आपल्याकडची जुनी रीतच आहे.

योगायोग असा की त्याच महिन्यात, २० जुलै २००९ ला, मुंबईत आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष कोर्टात अजमल कसाब अचानक उठून म्हणाला की मला गुन्हा कबूल आहे. टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं. न्यायाधीश एम. एल. ताहिलयानी यांनी त्याचं सगळं म्हणणं नोंदवून घेतलं, पण तेवढ्यावर खटला गुंडाळला नाही. पुढं साक्षीपुरावे होत राहिले, आणि दोषी ठरवण्याचा निकाल आला तो ३ मे २०१० ला. बार रूममध्ये त्यावर तावातावानं चर्चा व्हायची. त्यानं कबूल केल्यावर कशाला एवढा खर्च, असं म्हणणारेच जास्त होते. मी कोपऱ्यात बसून ऐकायची. माझ्या डोक्यात दोन मिनिटांचा हिशोब चालू असायचा.

कबुली खऱ्या अर्थानं स्वतःच्या शब्दांत दिलेला एक माणूस आपल्या माहितीतला आहे. १८ मार्च १९२२, अहमदाबाद. राजद्रोहाच्या आरोपावर गांधीजींनी गुन्हा कबूल केला. सरकारचे ॲडव्होकेट जनरल स्ट्रँगमन यांचं म्हणणं होतं की तरीही खटला रीतसर चालवावा. न्या. ब्रूमफिल्ड यांनी ते मानलं नाही, कबुली स्वीकारली, आणि १९०८ मधल्या टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊन सहा वर्षं दिली. गांधीजींनी अपील केलं नाही. करायचं तरी कशाला, त्यांनी स्वतःच जास्तीत जास्त शिक्षा मागितली होती. शिक्षा भोगायला त्यांना आणलं पुण्याला, येरवड्यात. आपण काय कबूल करतोय आणि त्याची किंमत काय, हे ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी ३७५ मध्ये काहीच वावगं नाही. पण तो बॅरिस्टर होता. आमच्या पोराला माझ्यासारखी वकील मिळाली होती.

आठवडाभर मी सरांच्या कपाटातले जुने रिपोर्ट चाळत होते. त्यात मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९७६ चा निकाल सापडला आणि मी खालीच बसून वाचला, कारण भांडण खुरासणी तेलाचं होतं. खुरासणी म्हणजे आपले कारळे, ज्यांची चटणी भाकरीबरोबर लागते. त्या तेलात शेंगदाण्याचं तेल निघालं. आरोपींनी गुन्हा कबूल केला, मॅजिस्ट्रेटनं किरकोळ दंडावर सोडलं. हायकोर्टानं शिक्षा वाढवली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेल्यावर न्या. कृष्ण अय्यर यांनी कबुलीच्या बदल्यात हलकी शिक्षा या पडद्यामागच्या सौद्यावर चांगलेच कोरडे ओढले. अय्यरांचा राग होता तो पैसेवाला भेसळखोर दंड भरून मोकळा होतो यावर, आणि खाणाऱ्याचं कुणी बघत नाही यावर. रास्तच होता तो.

पण दुसरी बाजूही त्याच कपाटात होती. कर्नाटकातला थिप्पेस्वामी. मोटार अपघातात मृत्यू झाल्याचा खटला, कबुलीवर दंड झाला, वर गेल्यावर हायकोर्टानं कैद दिली. सुप्रीम कोर्टानं म्हटलं, हलक्या शिक्षेच्या भरवशावर माणसाकडून हो म्हणवून घ्यायचं आणि अपिलात शिक्षा वाढवायची, हे राज्यघटनेच्या कलम २१ ला धरून नाही. वाढवायचीच असेल तर परत खाली पाठवा, त्याला बचाव करू द्या. १९८३ च्या रिपोर्टात हा निकाल आहे. मी तो घेऊन सरांकडं धावले. सरांनी चष्म्यावरून बघितलं. ‘यात आश्वासन कोर्टाच्या बाजूनं होतं. आपल्यात कुणी दिलं?’

मी दिलं होतं. जिन्यावर. त्याची कुठंच नोंद नव्हती.

कबुलीच खरी नव्हती, धाकानं किंवा आमिषानं किंवा न समजता दिली होती, असं म्हणायचं असेल तर वाट आहे. कबुलीच नसेल तर तिच्यावर उभं राहिलेलं ३७५ चं कुलूपही नसतं, असं म्हणून हायकोर्टाच्या पुनरीक्षणाच्या, म्हणजे खालच्या कोर्टाचं काम तपासून बघण्याच्या, अधिकारापर्यंत जाता येतं. पण तेव्हा सांगलीकराचं हायकोर्ट म्हणजे मुंबई. (कोल्हापूरला सर्किट बेंच आलं ते १८ ऑगस्ट २०२५ ला. त्या दिवशी मला पहिला हा पोरगाच आठवला.) मुंबईचा वकील, जाण्यायेण्याचा खर्च, आणि दाखवायला कागद काय? फॉर्मवर तर ‘कबूल आहे’. ‘टरॉली माझीच हुती’ हे वाक्य जगात फक्त माझ्या कानात होतं. त्याची वकील मी, त्याची साक्षीदार मी कशी होणार?

सरांनी ठरवलं, शिक्षेपुरतंच अपील. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात जायला तीस दिवस, नकलेला लागलेले दिवस त्यातून वजा. निकालाची नक्कल आरोपीला फुकट मिळते, हे इथं सांगून ठेवते, कारण अजूनही बऱ्याच जणांना नकलेच्या खिडकीशी पाकीट काढताना बघते. तुरुंगात असलेल्याला तुरुंग अधीक्षकामार्फत अपील पाठवता येतं आणि वकीलही सरकारी खर्चानं मिळतो. १९७८ च्या होस्कोट खटल्यात कृष्ण अय्यर यांनी हे ठणकावून सांगितलं, कारण त्या आरोपीला निकालाची नक्कल न मिळाल्यामुळं त्याचं अपील चार वर्षं अडलं होतं, असं त्याचं म्हणणं होतं. तोही महाराष्ट्राचाच खटला.

तर शिक्षेपुरतं. यात एक कलम आमच्या बाजूचं निघालं. १९५८ चा प्रोबेशनचा, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा कायदा. त्याचं कलम ६ म्हणतं की एकवीस वर्षांखालच्या आरोपीला शक्यतो तुरुंगात पाठवू नका, पाठवायचंच असेल तर कारणं लिहा. आणि अपिलाच्या कोर्टालाही हा अधिकार आहे. खालच्या निकालात कारणाची एक ओळ नव्हती. नसणारच, कारण आरोपीचं वय मी सांगितलंच नव्हतं आणि फॉर्मवर ‘सज्ञान’ असं छापलेलं होतं.

अपील बोर्डावर यायला सव्वा वर्ष गेलं. तोवर तो एकवीस ओलांडून गेला होता. सरकारी वकिलांनी तेच धरलं, शिवाय दलबीर सिंग काढला. निष्काळजी ड्रायव्हरला प्रोबेशनची सवलत देऊ नका, असं सुप्रीम कोर्टानं २००० साली त्या निकालात म्हटलंय. सर शांतपणे उठले. दलबीर सिंगमध्ये माणूस मेला होता, इथं नाही. आणि वयाचं म्हणाल तर रामजी मिस्सर, १९६३: खालच्या कोर्टानं दोषी ठरवलं त्या दिवशीचं वय बघायचं. त्या दिवशी हा वीस वर्षं चार महिन्यांचा होता. सरांनी शाळा सोडल्याचा दाखला पुढं केला.

मग त्यांनी पंचनामा काढला. सरकारी वकील लगेच उठले, दोषसिद्धीवर बोलता येणार नाही. सर म्हणाले, ‘दोषसिद्धीवर बोलतच नाही. किती शिक्षा द्यावी यावर बोलतोय. ट्रॉली उभी होती की पळत होती, याचा शिक्षेशी काही संबंध आहे की नाही?’ न्यायाधीशांनी ती निळ्या शाईची ओळ दोनदा वाचली. फाईलवरून मान वर करून म्हणाले, ‘हे खाली कुणी दाखवलं नाही?’ सरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांच्याबद्दलच्या माझ्या बऱ्याच तक्रारी मी त्या एका गोष्टीसाठी सोडून दिल्या.

परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशन, अधिकाऱ्याचा अहवाल मागवला गेला. ते गृहस्थ एसटीनं गावात गेले, मारुतीच्या पारावर बसले, दुकानदाराला विचारलं, शाळेत विचारलं, घरी चहा घेतला. त्यांच्या अहवालात ‘आरोपी गायीस पाणी पाजीत होता’ असं एक वाक्य होतं. ते कशासाठी होतं कुणास ठाऊक. पण त्या सबंध फाईलमध्ये तेवढ्याच एका ओळीत तो माणूस दिसतो. बाकी सगळीकडं ‘आरोपी नं. १’, आणि दोन नंबर तर कुणी नव्हताच.

कैद रद्द झाली. एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, जखमीला भरपाई म्हणून काही रक्कम द्यायला लावली. दोषी मात्र तो राहिलाच. न्यायाधीशांनी निकालात स्पष्ट लिहिलं की दोषसिद्धीला हात लावण्याचा अधिकार या न्यायालयास नाही.

आजकाल प्ली बार्गेनिंगबद्दल, म्हणजे कबुलीच्या बदल्यात हलक्या शिक्षेच्या रीतसर तडजोडीबद्दल, तरुण वकील विचारतात. जुलै २००६ पासून ते आपल्या कायद्यात आलंय. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आरोपीनं स्वतः अर्ज करायचा, फिर्यादी, पोलीस, सरकारी वकील एकत्र बसून तोडगा काढायचा. त्यात अपिलाची ती फटसुद्धा नाही. निकाल लागला की रिट किंवा थेट सुप्रीम कोर्टाची विशेष परवानगी. पण निदान तिथं न्यायाधीश आरोपीला एकट्याला बसवून विचारतो, हे तू आपखुषीनं करतोयस ना. जिन्यावरच्या सल्ल्यापेक्षा बरंच. आमच्याकडं मात्र असे अर्ज मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेत. सगळ्यांना दोन मिनिटंच आवडतात. लोकअदालतीच्या आदल्या आठवड्यात तर कबुलीची रांग लागते.

मी तेव्हापासून एक करते. पक्षकाराला विचारते, काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. तो सांगतो. मग पंचनामा वाचते. मग पुन्हा विचारते. यात अर्धा तास जातो, आणि ज्युनिअर पोरं कंटाळतात. आणि साहेबांसमोर त्यानं जे वाक्य उच्चारलं ते तसंच लिहून घ्यावं असा अर्ज देते. काही साहेब हसतात, काही चिडतात, एकदोघांनी खरंच लिहून घेतलं.

तो २०१४ मध्ये परत आला. एका सरकारी चालक भरतीचा फॉर्म घेऊन. तेरावा रकाना: आपणांस कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरविले आहे काय? असल्यास तपशील. मी त्याला सांगितलं की प्रोबेशनच्या कायद्याचं कलम १२ आहे, दोषी ठरल्यामुळं येणारी अपात्रता तुला लागू होत नाही, पण लपवायचं मात्र नाही. लपवलं तर त्याच कारणानं काढतील. अपिलाच्या निकालाची नक्कल जोड.

‘काय लिवू मग?’

‘काय झालं ते लिही.’

त्यानं ‘होय’ लिहिलं. पुढं तपशिलाला दीडच ओळ होती. तो माझ्या टेबलावर वाकून बारीक अक्षरात लिहीत राहिला, ओळ संपल्यावर कडेच्या समासात वर चढला. मी नंतर वाचलं. ‘ट्रॉली माझीच होती. पंक्चर होऊन उभी होती. दिवा लावला नव्हता ही माझी चूक.’

त्या भरतीत तो लागला नाही. उंची दीड सेंटिमीटर कमी भरली.